कट्यारीचं पाणी

आमच्या पांढुर्ण्याच्या घरी एक कट्यार होती. ती कुणाची, कुठल्या लढाईतली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि बाबांनी उगाच कुठल्या राजाचं नाव तिला चिकटवलंही नाही. ते शाळेत गणित शिकवायचे. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हा स्वभावच. पण दसऱ्याच्या पूजेसाठी ती म्यानातून निघाली की मला दारातल्या उजेडात नेत आणि पातं तिरपं धरायला लावत. मग काळपट पोलादावर बारीक नागमोडी रेघा दिसू लागत, नदीचं पाणी ओसरल्यावर वाळूवर राहतात तशा. लहानपणी मी त्यांना डाग म्हटलं होतं.

"डाग नाही होय बाई," बाबा म्हणाले होते. "पाणी होय ते. ज्यानं घडवली त्याचं सारं कसब त्या पाण्यात आहे."

त्यांना लकवा झाला तेव्हा मी लग्न होऊन सौंसरला राहत होते. बोलणं एकेका शब्दावर आलं, मग माणसंही ओळखेनात. मला ते पाहुणी समजत. तरी त्या वर्षी दसऱ्याला कट्यार हातात दिली, तर त्यांनी ती आपणहून उजेडाकडे तिरपी केली आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसले.

पुढच्या दसऱ्याला मी त्या हसण्यासाठीच गेले. पाटावरची कट्यार स्टीलच्या ताटासारखी लखलखत होती. जंग चढला म्हणून दादानं ती वेल्डिंगच्या दुकानात मशीनवर घासून आणली होती.

"पाय, कशी चमकून राहिली," तो म्हणाला.

बाबा खूश होतील, एवढंच त्याच्या मनात होतं. मला इतका राग आला की तोंड उघडलं असतं तर सणाचा विचका झाला असता. पण बाबांचं सगळं रोज तोच करत होता. मी कधीमधी येणारी. कट्यार उचलून बाबांच्या हातात दिली.

बाबांनी पातं तिरपं केलं. पुन्हा केलं. उलटवून पाहिलं. मग दुसऱ्याची वस्तू ठेवावी तशी बाजूला ठेवली.

"पाणी," ते म्हणाले. "पाणी कुठं गेलं?"

वहिनी लगबगीनं पेला घेऊन आली. बाबांनी पेल्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं प्यायले. माझ्याकडे पाहून हसले नाहीत.

थंडीत ते गेले. नंतर एका जाणकारानं मला सांगितलं की असं पाणी पोलादाच्या अंगातच असतं, घासलं तरी पुन्हा वर आणता येतं. बरं वाटायच्या ऐवजी मला रडूच कोसळलं.

दादा अजून भेटायला येणाऱ्यांना सांगतो, "शेवटपर्यंत पाणी पाणी करून राहिले होते. मी एकदाही नाही म्हटलं नाही, चमच्यानं पाजत राहिलो."

तेवढंच त्याचं समाधान आहे. मी शेजारी बसून हो म्हणते.