भावी नगरसेवक पुसट आले

माणसं कॅमेरा घेतात ती हौसेनं. कुणाला नातवाचे फोटो काढायचे असतात, कुणाला खाडीतल्या फ्लेमिंगोंचे, आणि कुणाला आपण लडाखला जाऊन आलो हे चारचौघांना दाखवायचं असतं. सीवूड्समध्ये, करावे गावाच्या अंगाला जी पिवळी चार मजली बिल्डिंग आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या उज्वला शेलारनं मात्र कॅमेरा घेतला तो निव्वळ खुन्नस म्हणून. आणि खुन्नस काढायची असली की माणूस जो मन लावून अभ्यास करतो, तो दहावीलासुद्धा करत नाही.

खुन्नस होती सोसायटीचे चेअरमन इंद्रजित भोईटे यांच्याशी. भोईटे मूळचे शेलारांच्याच कोरेगाव तालुक्यातले. नवी मुंबईत आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि झोपले ते उज्वलाच्या नवऱ्याच्या, म्हणजे धनाजीच्या, मार्केटातल्या आलं-लसणाच्या गाळ्यावर, पोत्यांना टेकून. पुढे फ्लॅटच्या दलालीत त्यांचा जम बसला. हातात कडं आलं, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आला, आणि एके दिवशी गेटवर ‘भावी नगरसेवक’ असा बोर्ड आला. निवडणूक कधी लागणार याची कुणालाच खबर नव्हती, पण भोईटे आपले भावी होऊन बसले होते.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा खालच्या लॉबीत एक मोठा फोटो फ्रेम करून लागला. फोटो उज्वलानंच काढलेला, रोलच्या कॅमेऱ्यावर. बिल्डिंगमागे राडारोड्याचा ढीग होता, तो उपसून तिथं बाग केली तेव्हाचा. ढीग उपसला धनाजीनं. मार्केटातले ओळखीचे हमाल आणले, त्यांच्या बरोबरीनं घमेली वाहिली, पाठ धरली म्हणून आठवडाभर आडवा पडला. भोईटे आले ते शेवटच्या दिवशी, फोटोपुरते. मूळ फोटोत दोघं शेजारी उभे होते, धनाजीचा हात भोईट्यांच्या खांद्यावर. लॉबीतल्या फोटोत भोईटे एकटेच, आणि खाली सोनेरी अक्षरात ‘उद्यानाचे शिल्पकार’. धनाजीला काढून टाकणाऱ्याच्या कात्रीतून त्याची चार बोटं तेवढी सुटली होती. ती भोईट्यांच्या खांद्यावर तशीच राहिली होती, पाल बसल्यासारखी.

“अहो, तुमची बोटं ठेवलीत बरं का,” उज्वला घरी येऊन म्हणाली.

“मग झालं की,” धनाजी म्हणाला. “काम बोटांनीच केलं होतं. वाढ आता.”

हे असं होतं. धनाजी शेलार या माणसाला राग येत नाही, ही त्याच्या बायकोची संसारभराची तक्रार. लोक पाय देऊन जातात आणि हा पाय कुठे लागला का विचारतो. त्या दिवशी आमटी वाढता वाढता उज्वलानं मनात दोन गोष्टी ठरवल्या. भोईट्यानं स्वतःच्याच फोटोतून नाहीसं होऊन बघायचं. आणि आपल्या नवऱ्याला एकदा, निदान एकदा, राग आला पाहिजे.

ती शाळेच्या ऑफिसात क्लार्क. गॅदरिंगचे, स्पोर्ट्सचे फोटो तीच काढायची, त्यामुळे हात बसलेला होता. पण तिच्याजवळचा जुना कॅमेरा आरशाचा. बटण दाबलं की आत आरसा खटॅक करून उडायचा, आणि तो आवाज ऐकला की भोईटे मैलावरूनसुद्धा पोट आत घेऊन हनुवटी वर करायचे. या माणसाला बेसावध पकडायचं तर आवाजच नको. म्हणून दिवाळी उरकल्यावर ती वाशीच्या एका दुकानात गेली. काउंटरवर वरद नावाचा मुलगा होता, दाढी राखलेला, बोलायला गोड.

“मिररलेस ना, काकू? रील्ससाठी की ट्रॅव्हलसाठी?”

“माणसांसाठी. आवाज न करणारा दाखव.”

वरदनं एक थोरला कॅमेरा हातात दिला. उज्वलानं तो डोळ्याला लावला आणि तशीच उभी राहिली. वरद थांबला, मागचं गिऱ्हाईक थांबलं, हिचा डोळा काही निघेना. शेवटी मनगट दुखायला लागलं तसा तिनं तो परत ठेवला. “जड आहे. ऐन वेळी हात हलला तर?” दुसरा उचलला, त्याची पकड इतकी लहान की करंगळी हवेत लोंबकळे. तिसरा बांगड्यांसकट हातात बसला. मेनू मात्र तिनं स्वतः उघडून पाहिला, म्हणाली, “घाईत हे बटण मला बघायला न लागता सापडलं पाहिजे.”

“कॅमेऱ्याची बॉडी मधल्या किमतीची घ्या,” वरद म्हणाला, “पैसे लेन्समध्ये घाला. बॉडी काय, दरवर्षी नवी येते. ही पंच्याऐंशी एमएमची घ्या, माणसांचे फोटो झकास. मागचं सगळं मस्त पुसट होतं.”

“मागचं स्पष्ट ठेवून पुढचं पुसट करता येतं का?”

वरदच्या नोकरीत हे कुणी विचारलं नव्हतं. “येतं, पण का?”

“असंच. पुढं उभं राहायची सवय असते काही जणांना.”

“मग हे बघा.” त्याला आता मजा वाटायला लागली होती. “यात चेहरे नोंदवून ठेवता येतात. लग्नाचे फोटोग्राफर नवरा-नवरीचा चेहरा आधी नोंदवतात. मग मध्ये मामा घुसला तरी फोकस नवरीवरच.”

“आणि मामा?”

“मामा पुसट.”

“बांध,” उज्वला म्हणाली.

वस्तू घरात आली, पण ती काय लगेच ऐकते? उज्वला सुट्टीच्या दिवशी सकाळी खाडीवर जायला लागली. शेकडो फ्लेमिंगो चिखलात माना खाली घालून उभे, त्यातला एकच धरायचा आणि दुसरा आडवा आला तरी सोडायचा नाही, असा तिचा रियाज. बाकीचे फोटोवाले लांबलचक लेन्सा घेऊन थवा उडायची वाट बघत बसत. ही एकाच पक्ष्याच्या मागे. एकानं विचारलंच, “मॅडम, त्या लेन्सनं पक्षी मुंगीएवढा येतो. काय रिसर्च आहे का?” ही म्हणाली, “नाही, नेमबाजी.” पहिल्या दिवशी बॅटरीनं मध्येच मान टाकली, तेव्हापासून पर्समध्ये एक जास्तीची आली. एकदा तिथल्याच वाऱ्यात लेन्स काढून बघितली, तर आत धूळ गेली आणि पुढच्या सगळ्या फोटोंत आभाळावर काळा ठिपका.

खरी फजिती झाली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. बिनआवाजाचं बटण चालू करून हिनं सोसायटीच्या हॉलमध्ये धडाधड फोटो काढले, आणि घरी येऊन बघते तर सगळ्या बायकांवर आडवे काळे पट्टे. फोटो बघायला सगुणा आली होती. सगुणा करावे गावातली, गेटजवळ टोपली घेऊन मासे विकते. बिल्डिंगमध्ये कुणाचं काय चाललंय हे तिला चेअरमनच्या आधी कळतं.

“ह्ये काय गो पोरी,” ती म्हणाली, “मना काय तुरुंगान घातलंस?”

उज्वलानं दुसऱ्या दिवशी वरदला फोन लावला. तो हसायलाच लागला. एलईडीचे दिवे डोळ्याला दिसत नाहीत इतक्या झपाट्यानं लुकलुकतात, बिनआवाजाच्या फोटोत ते पट्टे होऊन येतात. शटर थोडं सावकाश ठेवा, पन्नास-शंभरावर, पट्टे जातील. तिनं हे पाठ केलं. भोईट्यांवर पट्टे येऊन चालणार नव्हते. पट्टे आले की कॅमेऱ्याचा दोष होतो.

मग गॅलरीत लोणच्याच्या बरण्या मांडल्या गेल्या. एक पुढे, तीन मागे. फोकस मागच्या बरणीवर, आणि पुढची किती पुसट करायची याचं माप ती घेत बसली. फार पुसट झाली तर फोनच्या छोट्या पडद्यावरही लगेच कळतं. कमी झाली तर उपयोग नाही. पुढच्या बरणीवरचं ‘लिंबू’ फोनवर वाचता यायला पाहिजे आणि मोठं केलं की त्याचा लगदा व्हायला पाहिजे. धनाजी मार्केटातून येऊन हे बघायचा. “लोणच्याची दुकानदारी काढायचीय का?” एवढंच विचारायचा आणि टीव्ही लावायचा.

फेब्रुवारीत भोईटे स्वतःच्या पायानं जिना चढून आले.

“वहिनी, मोठा कॅमेरा घेतला म्हणे. आम्हाला कोण सांगतंय. आता आमचा वाढदिवस तुम्हीच काढायचा, घरचं माणूस सोडून बाहेरचा कशाला?” सोफ्यावर बसत त्यांनी काम सांगितलं. नाक्यावर वाढदिवसाचं मोठं फ्लेक्स लागायचं होतं. “नुसता उभा फोटो सगळेच लावतात. माझा लोकांत मिसळलेला पाहिजे. म्हणजे कसं, मी पुढे, पब्लिक मागे.”

“तुम्ही पुढेच, भाऊजी,” उज्वला म्हणाली. “पब्लिक मी बघते.”

त्या आठवड्यात तिनं कॅमेऱ्यात तीन चेहरे नोंदवले. पहिला धनाजीचा, जांभई देताना कसाबसा धरलेला. दुसरा सगुणाचा. तिसरा किसन वॉचमनचा, ज्याला भोईटे सात वर्षं ‘ए’ म्हणून हाक मारत होते.

वाढदिवस बागेतच झाला, धनाजीनं केलेल्या. मंडप, केक, शाल, डीजे. भोईटे माणसं मागे गोळा करून पुढे उभे राहत, हात जोडत, हसत, आणि उज्वला समोरून बिनआवाजात टिपत राहिली. डोळ्याला लावलेल्या त्या छोट्या पडद्यात फोटो जसा येणार तसाच आधी दिसत होता. पुढे भोईटे, आणि फोकसची हिरवी चौकट त्यांना ओलांडून मागे सगुणाच्या डोळ्यावर जाऊन बसलेली. उज्वलाला इतकं बरं वाटलं की तिनं वडासुद्धा नाकारला.

ग्रुप फोटोसाठी सगळे उभे राहायला लागले तेव्हा धनाजी आपला सरळ मनानं गाववाल्याशेजारी जाऊन उभा राहिला. भोईट्यांनी पाहुण्यांकडे बघून हसणं न थांबवता त्याच्या छातीला तळवा लावला आणि त्याला मागे लोटलं. धनाजी खुर्चीला अडखळला, सावरला, आणि हसला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

भोईट्यांना एकच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. पुढे ते हात जोडून, मागे सगुणा दिलखुलास हसताना, तिच्यामागे किसन. भोईट्यांनी फोनवरच बघितला. “एक नंबर, वहिनी.” फ्लेक्सवाल्याला घाई होती, त्यानं तो तसाच ताणून छापला.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर माणसं थांबायला लागली. दहा फुटी फ्लेक्सवर ‘भावी नगरसेवक’ म्हणजे ओल्या कपड्यानं पुसलेली पाटी. डोळे कुठे, नाक कुठे, काही पत्ता नाही. आणि मागे सगुणा, अशी स्वच्छ की नाकातल्या चमकीचे खडे दिसावेत. रिक्षावाले विचारायला लागले, “ह्या मावशी उभ्या राहतायत काय?” एकानं जाता जाता रामराम ठोकला. सगुणाची टोपली दुपारच्या आत रिकामी झाली.

“मना कोनी इचारलापन नाय,” ती उज्वलाला सांगत आली, “नि मी निवरनुकीन. आता म्हावरं तोलू का भाषान करू?”

संध्याकाळी भोईटे आले. पोट आत घ्यायचं राहून गेलं होतं. उज्वलानं चहा ठेवला, आधीच ठेवला.

“वहिनी, कॅमेरा नवीन आहे तुमचा,” ते म्हणाले. “होतं असं. फोकस हलला असणार.”

बघा, पळवाट त्यांनीच हातात दिली होती. हो म्हटलं असतं तर शेजार टिकला असता, चहा प्यायला गेला असता. उज्वलानं कप पुढे केला.

“हलला नाही, भाऊजी. मी सगुणावर धरला होता.”

“म्हणजे?”

“तुम्ही कात्रीनं कापता. मला कात्री येत नाही, म्हणून पुसट केलं.”

भोईट्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा त्यांचा आवाज चढला, मग मधेच उतरला, कारण उद्या सकाळी पक्षाचे कोणी बडे लोक नाक्यावरून जाणार होते. “बरं, झालं ते झालं. दुसरा द्या. एवढे काढलेत, एकात तरी मी नीट असेन.”

“एकात आहात. अगदी नीट.”

तिनं कॅमेरा चालू केला, तो फोटो शोधून मागचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्या एका क्षणी भोईटे आणि धनाजी कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर होते, आणि कॅमेऱ्यानं धनाजीला धरलं होतं, म्हणून त्याच्याबरोबर भोईटेही स्पष्ट आले होते. दात, कडं, धनाजीच्या छातीवरचा तळवा. उज्वलानं तो तळवा मोठा केला. मग भोईट्यांचा चेहरा मोठा केला. पाहुण्यांकडे तोंड करून हसताना डोळे कसे होते ते त्यांनी बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

आतून धनाजी आला, खांद्यावर टॉवेल. त्यानं वाकून पडदा बघितला. बराच वेळ बघितला.

“मला वाटलं,” तो म्हणाला, “माझाच पाय खुर्चीत अडकला.”

“धनाजीराव, गर्दीत लागला असेल हात. आपलं गाववाल्यांचं...”

“गर्दी कुठाय इंद्रा यात?” धनाजीचा आवाज हळूच होता, पण तो आवाज या घरात आधी कुणी ऐकला नव्हता. त्यानं बायकोला विचारलं, “हा केवढा मोठा होतो गं? फाटत नाही ना?”

“बिल्डिंगएवढा करा. फाटत नाही.”

भोईटे उठले. दारात त्यांनी एकदा वळून पाहिलं, वहिनी काहीतरी म्हणेल म्हणून. उज्वला चहाचा कप उचलत होती, भरलेला.

नाक्यावरचं फ्लेक्स उजाडायच्या आत उतरलं. ते सगुणानं मागून घेतलं. फ्लेक्स चांगलं जाड असतं, उन्हाला टिकतं. आता ते तिच्या टोपल्यांवर बांबूला बांधलेलं आहे, तिच्या चेहऱ्याची बाजू रस्त्याकडे करून. भोईट्यांची बाजू मागे गटाराकडे येते.

भोईटे उठून गेले त्या रात्री मात्र धनाजीनं ताट पुढे घेतलं आणि भाकरी मोडून तसाच बसला.

“दाखव परत,” तो म्हणाला.

उज्वलानं दाखवला.

“अजून मोठा कर.”

तिनं केला. बॅटरी संपत आली होती. पर्समधली दुसरी आणायला ती उठली, आणि आमटी गार झाली तरी गरम करून देते म्हणाली नाही.