उपाशी फोन आणि नातीचं माप

टेलरमास्तर आठवडाभर फोनला उपाशी ठेवत. नेटचं पॅक लहान, आणि ते सगळंच्या सगळं नातीसाठी राखलेलं. म्हणून सोमवारी नेट बंद व्हायचं ते थेट रविवारी उघडायचं. रविवारी दूरच्या शहरातली लेक व्हिडिओवर यायची, नातीला खुर्चीला टेकवून उभी करायची. मग मास्तर एक डोळा मिटून इथूनच तिचं माप घ्यायचे. "हलू नकोस गं, बाही चुकेल!" नात हलायचीच.

या रविवारी मास्तरांना नवा फ्रॉक बेतायचा होता. शेजारच्या इस्त्रीवाल्या बाईंची भाची संध्याकाळच्या गाडीने लेकीच्याच शहरात निघाली होती, फ्रॉक तिच्या हाती पाठवायचा होता.

नेट सुरू केलं. लेक दिसली. नात डुलत खुर्चीकडे निघाली आणि खुर्ची गाठायच्या आत तिचे चौकोन चौकोन झाले. मग चौकोनही गेले. पडद्यावर पट्टी आली: डेटा संपला.

"आठवडाभर कोंडलंत, सुटल्याबरोबर ताटावर तुटून पडला," बाई खिडकीतून हसल्या. "सगळी ॲपं ताजीतवानी झाली बघा. पत्त्यांचा डावसुद्धा!"

रिचार्जचं दुकान रविवारी बंद. तेवढ्यात लेकीचा साधा फोन आला. मास्तरांनी झालं ते सांगितलं.

"बाबा, सेटिंगमध्ये आपोआप अपडेट बंद करा. मग तो आधी तुम्हाला विचारेल."

"विचारेल? तू तरी कुठे विचारलं होतंस? लग्न उरकून मग कळवलंस."

"झालं सुरू! बरं, टेप हातातच आहे. उंची, छाती, सगळं मोजून सांगते. लिहून घ्या."

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली. कापडावर टेकवली. पुन्हा कानावर ठेवली.

"नको. तुला टेप धरता येत नाही."

"मला? तुमच्याच हाताखाली शिकले मी!"

"अहो मास्तर," बाई मध्येच म्हणाल्या, "भाची गेली की पार्सल न्यायला पुन्हा कोण मिळणार? घ्या की माप."

"रिकाम्या हाताने जाऊ दे तिला." मास्तरांनी पाठ फिरवली आणि फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे नात काहीतरी आपटत होती.

"पुढच्या रविवारी उभी कर तिला," ते म्हणाले. "आणि लगेच सोडू नकोस. जरा वेळ उभी राहू दे."