उपासाची चरबी

ताईचं यकृत निकामी झालंय हे कळल्यावर भेटायला आलेल्या पहिल्याच पाहुण्याने भाऊजींना बाजूला घेऊन विचारलं, "घेत होती की काय हो?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी मोठी बहीण, कोपरला संसार करणारी, आठवड्याला चार उपास धरणारी. दारूचा थेंब तिने कधी चाखला नाही. यकृतात नुसती चरबी साचत गेली, मग ते कडक झालं. सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' वर्षानुवर्षं लिहून येत होतं आणि आम्ही सगळे ते वाचून कागद फाइलीत ठेवत होतो. हा राग पाहुण्यावर काढता येत नाही.

यकृताचा तुकडा देणारं कुणीतरी हवं होतं. रक्तगट माझा जुळला. मी आई आणि मी राहतो त्या कोपरीहून मोठ्या ऐटीत तपासणीला गेलो, तर माझ्याही यकृतात चरबी निघाली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "असं यकृत घेता येणार नाही. पण ही चरबी हटते. खाणं कमी करा, रोज भरभर चाला. सहा आठवड्यांनी बघू." ताईकडे तेवढा वेळ होता. त्याहून फार नव्हता.

आता आमच्या घरात खाणं कमी करा याचा अर्थ एकच होतो. आईने मला सोमवार, गुरुवार, शनिवार लावून दिले, वर चतुर्थी आणि एकादशी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, साखर-तुपातली रताळी, राजगिऱ्याचे लाडू. 'एकादशी, दुप्पट खाशी' असं हसत म्हणायचं आणि पुन्हा वाढून घ्यायचं. संध्याकाळी चालायला निघालो की आई दारात आडवी.

"उपासाचं अंग आहे रे, चक्कर येऊन पडशील. देवाला कळतं सगळं."

मी मुकाट चपला काढायचो.

सहा आठवड्यांनी चरबी होती तिथेच. "खाता काय?" बाईंनी विचारलं. "उपास करतो," मी अभिमानाने सांगितलं. पदार्थ ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, हा सगळा स्टार्च आणि साखर. गरजेपेक्षा जास्त झालं की यकृत त्याची चरबी करून साठवतं. चाललात की स्नायू ती जाळायला लागतात, वजन फारसं उतरलं नाही तरी. तुम्ही बसून राहिलात. हे बहिणीसाठी चाललंय की तिच्याविरुद्ध?"

घरी येऊन मी लाडवांचा डबा आईसमोर आपटला. "माझ्या लेकीचं वाईट करीन का रे मी?" म्हणत ती रडली. डोकं फिरवणारं होतं ते हेच. वाईट कुणीच करत नव्हतं, आणि तिकडे ताईचे डोळे हळदीसारखे पिवळे होत होते. सगळ्यात जास्त चीड मला चपला काढणाऱ्या माझीच आली.

दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे बाळकुमच्या दिशेने तासभर चाललो. ताटात एक भाकरी, डाळ, मोड आलेले मूग, पालेभाजी. ऑफिसात वाढदिवसाचा केक नाकारला तर "एका तुकड्याने काय होतंय?" म्हणून हसायचे. एका तुकड्यानेच माझी बहीण वाचणार होती, पण ते त्यांना सांगायला माझ्याकडे धीर नव्हता. महिन्याभरातच झालेल्या पुढच्या तपासणीत मी पास झालो.

ऑपरेशनला आता वर्ष झालं. परवा एकादशीला आम्ही ताईकडे कोपरला गेलो. आईने सवयीने खिचडीचा डबा आणलेला. ताईने तो बाजूला सारला आणि भाकरी मोडली.

"अगं, आज एकादशी!"

ताईने पोटावरच्या व्रणावर हात ठेवला. "आई, हे त्याचं आहे. तुझ्या साबुदाण्याने ते एकदा नापास झालंय. मी पुन्हा होऊ देणार नाही."

आईने डबा पिशवीत ठेवला आणि अर्धी भाकरी मागून घेतली.