आतून आलेली ओ

माझ्या पहिल्या एकांकिकेत सून शेवटपर्यंत लोकांपुढे येतच नाही. ती आत असते. माजघराच्या दारामागून तिचा आवाज येतो, कधी पाण्याचा गडवा धरलेला हात बाहेर येतो, बस. पुढे काही शिकलेल्या लोकांनी मला विचारलं, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली? सुचली-बिचली काही नाही. मुलीला स्टेजवर उभं राहायची सोय नव्हती, म्हणून मी तिला आत बसवलं.

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी यवतमाळच्या कॉलेजात शिकत होते. वडील जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गठाणी उचलत, आई तिथेच कापूस निवडायला जाई. आमच्या अख्ख्या मोहल्ल्यातून कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी. माणूस म्हणते, नुसती मुलगी नाही. मुलगेही कोणी गेले नव्हते. हे मी सांगतेच. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

गॅदरिंगला तोवर मोठाली तीन अंकी नाटकं होत. आता एकांकिका येऊ लागल्या होत्या. पाऊण तासाचं नाटक, एकच जागा, मोजकी माणसं, पडदा एकदा उघडायचा आणि एकदा मिटायचा. आमच्या मराठीच्या सरांना एकांकिकेचं वेडच लागलं होतं. ते म्हणत, पुण्या-मुंबईचं उतरवून आणू नका, आपल्या ओसरीवर माणसं काय बोलतात ते लिहा. तरी वर्गातले मुलगे लिहीत ते राजे, क्रांतिकारक आणि क्षयानं मरणारे कवी. मी ओसरी लिहिली. सासरा आणि त्याचा मुलगा ओसरीवर बसून वाद घालतात, म्हातारा बैल विकायचा की ठेवायचा. वाद घालता घालता आत हाका मारतात. पाणी आण. अडकित्ता आण. कंदिलाची काच पूस. दर हाकेला आतून ओ येते, "आली जी." शेवटी सासरा हाक मारतो आणि ओ येत नाही. पुन्हा मारतो. तिसऱ्यांदा मारतो. काही नाही. पडदा.

आत काय झालं ते मी लिहिलं नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं. मला फक्त ती शांतता पाहिजे होती.

कारण आमच्या घरात हाकेला ओ न देणं चालतच नसे. चुलीशी असो, न्हाणीत असो, बापानं हाक मारली की तोंडातून "आली जी" निघालंच पाहिजे. जरा उशीर झाला की आई म्हणे, "मुकी झाली का वं?" बी.ए.ची पुस्तकं वाचतानाही माझं तोंड परस्पर ओ देऊन टाकी आणि मन पानावरच राही. एकदा तरी कोणी ओ देऊ नये, असं मला फार वाटे. तेच मी लिहिलं.

सुनेचा आवाज कोण देणार? सर म्हणाले, तूच दे. मी वडिलांना विचारलं. ते जेवायला बसले होते.

"लोकायले दिसशीन का तू?"

"नाही. मी दाराआड राहीन."

"फक्त बोलशीन?"

"हो."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मंग बोल किती बोलाचं थे. घरातबी तेच करते."

दिवाळीनंतर कॉलेजचं श्रमदानाचं शिबिर होतं, राळेगावकडच्या एका खेड्यात. मुलग्यांनी रस्ता खोदायचा, आम्ही मुलींनी मुरमाच्या टोपल्या वाहायच्या आणि शेवटच्या दिवशी गावाला नाटक दाखवायचं. कॉलेजच्या स्पर्धेआधीची ही आमची रंगीत तालीम. गॅसबत्तीची जाळी वाटेतच फुटली होती, म्हणून दिवस बुडायच्या आत प्रयोग उरकायचा, असं ठरलं.

आम्ही मुली ज्या घरी उतरलो होतो, त्या घराची ओसरी गावात सगळ्यांत मोठी. तोच स्टेज. घरात एकटी म्हातारी. कपाळ कोरं, लेक हिंगणघाटच्या गिरणीत कामाला. पहिल्याच दिवशी तिनं माझी झडती घेतली.

"तू कायचं शिकून राह्यली वं?"

"बी.ए."

"डाक्टर होशीन?"

"नाही, आजी."

"मंग कायले शिकते?"

मला राग आला होता, पण तिनं लगेच ताटात आणखी एक भाकरी टाकली. माजघराच्या कोनाड्यात कुंकवाचा करंडा होता आणि फणी होती. फणीत लांब काळे केस अडकलेले. म्हातारी तर कुंकू लावत नव्हती, आणि तिचे केस पांढरे. सून माहेरी गेली असेल, असं मी धरून चालले. गावातही कोणी काही बोललं नाही.

प्रयोगाच्या दिवशी अख्खं गाव अंगणात येऊन बसलं. म्हातारी सगळ्यांत पुढे, पोत्यावर. मी माजघरात एकटी. दार अर्धं लोटलेलं. माझ्या पाठीशी चूल, पाण्याचा माठ, कोपऱ्यात रचलेलं सरपण. बाहेर अजून पिवळं ऊन होतं, पण आत इतकं अंधारून आलं होतं की मला माझाच हात नीट दिसत नव्हता.

नाटक चांगलं चाललं. नाटकाच्या आधी मला धास्ती होती की यांना यात पाहण्यासारखं काय वाटणार. पण बैलाचा वाद सुरू झाला आणि माणसं नाटकातच शिरली. "नोको विकू रे, बाप्पा!" एक म्हातारा खालून ओरडला. दुसरा म्हणाला, "तुह्या घरी बांध मंग!" सासरा झालेला आमचा वर्गमित्र मुळातच चावट, तो खाली वाकून त्यांच्याशीच भांडायला लागला. मी आतून ओ देत होते, गडवा देत होते. प्रत्येक वेळी माझा हात दाराबाहेर गेला की बाया कुजबुजत, "पोट्टी हाय वं खरीच."

मग शेवट आला. पहिली हाक. मी गप्प. अंगण हळूहळू शांत झालं. दुसरी हाक. कुठे तरी लहान मूल रडलं, त्याला कोणी तरी दाबलं. मी खालचा ओठ दातांत धरून बसले होते, कारण मला माझं तोंड माहीत होतं.

"सूनबाई, अवं पाणी आण न वं!"

आणि ओ आली. "आली जी."

मोठ्यानं नाही. थकलेल्या माणसानं उठता उठता द्यावी, तशी. ती माझ्या पाठीमागून आली की माझ्याच गळ्यातून, ते मला तेव्हा कळलं नाही. मान वळवून सरपणाकडे पाहायचं मला धाडस झालं नाही. बाहेर आमचा सासरा तोंड उघडं टाकून दाराकडे पाहत राहिला होता. मग दोन पोरांनी चादरीचा पडदा ओढला.

एकही टाळी पडली नाही. गाव उठलं आणि न बोलता घरोघर गेलं. आम्हाला वाटलं, नाटक पडलं.

सर मात्र खूष. "शेवट बदललास, तोही मला न सांगता! ओ येते, पण माणूस येत नाही. हेच ठेव स्पर्धेला."

"मी नाही बोलले, सर."

सासरा चिकटवलेल्या मिशा उपटत म्हणाला, "काय वं, नाटक तुहं, अन् तूच विसरते? मी तिथं मूर्खावानी उभा!"

"मी नाही बोलले म्हणते ना!"

"मंग काय माठ बोलला?"

सगळे हसले. सोबतच्या मुलीही शपथेवर सांगू लागल्या, तुझाच आवाज होता, बाई. मी चिडून अंगणात आले. म्हातारी एकटीच ओसरीच्या कडेला बसली होती. तिनं मला जवळ बसवलं.

"थे तू बोलली का वं?"

"काहून, आजी?"

"सांग न. मले राग नाही."

मी उत्तर द्यायच्या आत तीच बोलायला लागली. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. "माह्या सुनेले पान लागलं. इथंच, आत. सरपणात हात घातलता तिनं. मी ओसरीवर तूर पाखडून राह्यलती. सकाळी आमचं वाजलतं, भाजीतल्या मिठावरून. मंग मले तहान लागली. हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली. ओ नाही. रुसली असंन, म्हनलं. नाही देत तं नोको देऊ. मीबी उठली नाही." तिनं मांडीवरचा हात उपडा केला. "ऊन उतरल्यावर उठली मी. तवा काय राह्यलं होतं?"

मी ऐकत होते.

"थे ओ मी ऐकाची राह्यली, माय. म्हून इचारतो. तूच बोलली ना?"

मी शिकलेली. भूतखेत मानत नाही, असं कॉलेजात चारचौघांत ठणकावून सांगणारी. "हो, मीच" म्हटलं असतं तर म्हातारी निश्चिंत झोपली असती, आणि सुनेची ओ ऐकायची कायमचीच राहिली असती. "नाही" म्हटलं तर त्या एकट्या घरात मी काय ठेवून जाणार होते? उद्या आम्ही ट्रकमध्ये बसून यवतमाळला जाणार आणि ती तिथेच, त्याच चुलीशी. पण मला जे माहीत होतं तेवढंच मी सांगू शकत होते.

"मी नाही बोलली, आजी."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. बोटं माझ्या खालच्या ओठावर थांबली. दात रुतून तो सुजला होता, रक्त वाळलं होतं. तिनं ते चाचपलं आणि मान डोलावली.

"बरं झालं मंग," एवढंच म्हणाली.

सकाळी ट्रक आला. आमची गाठोडी अंगणात होती. सगळ्यांना पाणी द्यायचं म्हणून म्हातारीनं ओसरीवरून आत तोंड केलं आणि रोज मारत असावी तशी मोठ्यानं हाक मारली, "सूनबाई, पोरीयले पाणी आण वं!"

आमच्यातलं कोणी हललं नाही. सासऱ्याचं काम करणारा तो चावट मुलगाही टोपी हातात घेऊन उभा राहिला. माझ्या तोंडाशी ओ आली होती. मी ती गिळली. आतून काही आलं नाही.

म्हातारीनं जरा वाट पाहिली. मग गुडघ्यावर हात देऊन ती उठली आणि आतल्या अंधाराला म्हणाली, "राहू दे, बस तू. आणतो मी."

ती आत गेली. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. पाणी थंड होतं, मातीचा वास असलेलं. आम्ही सगळे ते प्यायलो.

यवतमाळला आल्यावर सरांचं आणि माझं भांडण झालं. त्यांना ती ओ शेवटाला पाहिजे होती. मी म्हटलं, ती ओळ माझी नाही, मी लिहिलेली नाही, मी ती घेणार नाही. पण मला माझा जुना शेवटही नकोसा झाला होता. तीन हाका आणि पडदा. हाक मारणारा तसाच बसून राहतो, हे मी आधी पाहिलंच नव्हतं. मी एक ओळ वाढवली. तिसऱ्या हाकेनंतर सासरा उठतो, "राहू दे वं, बस तू. घेतो मी," म्हणतो आणि आत जातो.

"कोणता सासरा उठून पाणी घेते वं?" आमचा सासरा म्हणाला. "लोकं हसतीन."

लोक हसले. कॉलेजचा हॉल भरलेला होता, पुढे गावातली मोठी माणसं बसली होती. सासरा गुडघ्यावर हात देऊन उठला आणि खुर्च्यांतून खो-खो हशा पिकला. परीक्षकांनी सांगितलं, एकांकिका शेवटी विनोदाकडे घसरली. बक्षीस क्षयाच्या कवीला गेलं. मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या, तिकडून मात्र हसणं आलं नाही. हे मी आतून ऐकलं. कापडाच्या रंगवलेल्या दारामागे मी अंधारात बसले होते, पदराचा बोळा दातांत धरून.

सासरा आत आला. खरंच माठ ठेवला होता, त्यातून त्यानं पाणी घेतलं, आणि बाहेर हशा चालू असतानाच मला हळूच विचारलं, "आज नाही ना बोलली?"

मी नाही अशी मान हलवली. पदराचा बोळा अजून दातांत तसाच होता. म्हणजे तोंड मिटून धरता येतं मला. मग त्या ओसरीमागे, ओठातून रक्त येईपर्यंत दात रुतवलेले असताना, कोण बोललं?

मी पुढे आणखी एकांकिका लिहिल्या. त्यातल्या बायका बाहेर येऊन उभ्या राहतात, नेरच्या शाळेत मास्तरीण झाल्यावर मी मुलींनाच उभं केलं आणि त्यांच्या बापांशी भांडले. नवऱ्यानं बाहेरून हाक मारली की आजही माझी ओ माझ्या आधी जाते. ती सवय गेली नाही, जाणारही नाही. पण घरात एकटी असले की मी मोठ्यानं कोणाला हाक मारत नाही, मांजरालाही नाही. तहान लागली की उठते आणि घेते.