वळणावरचं गाणं

माझ्या भावोजींना बोटीवर सगळे भोंगा म्हणतात. त्यांना त्याचा राग नाही. उलट नवीन माणूस कामाला लागला की तेच हात पुढे करून सांगतात, "मी भोंगा. उद्यापासून कानात बोळे घालून ये." आवाजच तसा आहे. घरी जेवताना मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावरची बाई दार उघडून वर बघते.

बोट म्हणजे संध्याकाळच्या जेवणाची बोट. दिवे लागायच्या वेळेला धक्क्यावरून निघते, नदीतून शहराची रोषणाई दाखवत मोठ्या पुलाच्या पलीकडे जाते आणि वळसा घालून परत येते. खालच्या मजल्यावर चहूकडे काचा आणि पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, वर उघडा डेक आणि हुडहुडी भरवणारा वारा. लोक सूप समोर आलं की आधी उंच इमारतींचे फोटो काढतात आणि मग गार सुपाबद्दल वेटरला बोल लावतात. एक जादूगार आहे, तो टेबलाटेबलाशी जाऊन बायकांच्या अंगठ्या गायब करतो. एक नाचणारं जोडपं आहे. नाचताना डोळ्यांत डोळे घालतात आणि बोट धक्क्याला लागली की एकमेकांचं तोंड बघत नाहीत. या सगळ्यांत मधोमध भावोजी, हातात माईक, अंगात काळा कोट, आणि पोटावर त्या कोटाचं बटण अगदी जिवावर उदार होऊन उभं. ते बटण दर थोड्या दिवसांनी मीच लावून देते. मी शिवणकाम करते, आणि मेहुणीकडून फुकट शिवून घेणं हा त्यांच्या मते त्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे.

माझी ताई त्यांना धक्क्यावरच भेटली. मागच्या लाँड्रीत ती बोटीच्या चादरींना इस्त्री करायची. भावोजी तेव्हा गात नव्हते, दोर टाकायचं आणि ओढायचं काम करत. चादरींचं गाठोडं न्यायला यायचे आणि गाठोडं खांद्यावर घेऊनच गप्पा मारत उभे राहायचे. खाली ठेवलं तर निघायची वेळ झाली हे लक्षात राहणार नाही, असं म्हणायचे. लक्षात तसंही राहत नव्हतं.

लग्नानंतर कळलं की ताईला आवरायला जन्म लागतो. सिनेमा असो, बारसं असो की दवाखाना, ही आरशापाशी, तोंडात पिना धरून. दाराशी ताटकळत उभं राहून भावोजींनी एक गाणं जुळवलं, "बोट सुटायची वेळ झाली गं, तू अजून आरशापाशी." पुढच्या ओळी सांगत नाही. पुढे सगळं पिनांबद्दलच आहे. एका संध्याकाळी बोटीवरच्या गायकाचा घसा बसला, कोणीतरी म्हणालं भोंग्याला उभा करा, आणि त्यांना दुसरं काही धड येत नव्हतं म्हणून त्यांनी हेच म्हटलं. पाहुण्यांनी डोक्यावर घेतलं. मग त्यांच्या हातून दोर सुटला तो कायमचाच.

त्यांचं घर नदीच्या वळणावर आहे, पण चुकीच्या काठावर. जाताना उजवीकडे घड्याळाचा मनोरा, हॉटेलं, काचेच्या इमारती, म्हणजे ज्यासाठी लोक येतात ते सगळं. डावीकडे बोटी दुरुस्त करायचा कारखाना, गोदामं आणि ती एक जुनी इमारत. वळणावर बोट हळू होते. तिथे भावोजी पाहुण्यांकडे चक्क पाठ करत, डाव्या कठड्याशी जात आणि हे गाणं म्हणत. सगळी बोट उजवीकडे बघतेय आणि हा गृहस्थ अंधाराला गाणं ऐकवतोय. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ताई टॉवेल हलवायची.

मालकाने एकदा हटकलं, तुमची पाठ बघायला लोक येतात का म्हणून. बोट चालवणारे सारंग मध्ये पडले. "वारा उजवीकडून असतो साहेब, माईक घरघरतो." वारा कुठूनही वाहो, सारंगांनी ते उत्तर कधी बदललं नाही. पुढे त्यांनी छतावरचा कर्णासुद्धा डावीकडे फिरवून घेतला, वहिनींना नीट ऐकू जावं म्हणून. बोटीवर तो नियमच होऊन बसला. वळणावर वहिनींचं गाणं, मग आईस्क्रीम.

एकदा लग्नाच्या वाढदिवसाला भावोजी आम्हा दोघींना बोटीवर घेऊन गेले. ताईने इतकं आवरलं की सारंगांना बोट थांबवून ठेवावी लागली. वळण आलं तसे भावोजी सवयीने कठड्याशी गेले आणि घराच्या बंद खिडकीकडे बघून जीव तोडून गायला लागले. ताई शेजारी उभी राहून त्यांचा कोट ओढतेय, "अहो, मी इथे आहे." त्यांना पत्ताच नाही. पाहुणे हसून हसून बेजार झाले.

नंतर ताई विसरायला लागली. आधी गॅसवरचं दूध, मग आठवड्याचे वार, मग माणसं. मला ती कधी ओळखायची, कधी आई समजायची. आई तर आई, मला चाललं असतं. पण एका सकाळी उठली आणि शेजारी परका पुरुष झोपलाय म्हणून किंचाळली. त्या दिवसापासून भावोजी स्वयंपाकघरात झोपायला लागले. तिथे, ओट्याच्या खाली, ताईच्या मनाने त्यांना एक ओळख देऊन टाकली. ते नळ दुरुस्त करायला आले आहेत. "नळवाले दादा, झालं का तुमचं?" असं ती विचारायची आणि भावोजी पान्याने नळावर दोनदा ठकठक करून म्हणायचे, "होत आलंय बाई." चांगला धडधाकट नळ, ठोकून ठोकून शेवटी खरंच गळायला लागला.

संध्याकाळी ते बोटीवर गेले की मी ताईजवळ बसायची. ब्लाउजांची हातशिलाई घेऊन यायची. अंधार पडायला लागला की तिचा जीव खिडकीत. केस विंचरायची, पिना लावायची, टॉवेल हातात घेऊन उभी राहायची. पुलाखालून बोटीचे दिवे दिसायचे, मग तो आवाज. नवऱ्याला ती आयुष्यभर 'हे' म्हणत आली. "हे आले," म्हणायची, आणि चेहरा असा उजळायचा की मला बघवायचं नाही. टॉवेल हलवून झाला की मला सांगायची, "भात टाक गं, आता येतीलच." आणि ते खरोखर यायचे, दमून, कोट हातावर टाकून, तेव्हा ही दारात विचारायची, "आज काय गळतंय?"

मला तिचा राग यायचा. आजारी माणसावर रागवू नये एवढी अक्कल मला आहे, पण राग अक्कल विचारून येत नाही. भावोजींचाही यायचा. चिडत नाहीत, ओरडत नाहीत, नुसते नळाशी जाऊन बसतात. घरी त्यांनी ते गाणं म्हणून पाहिलं होतं. ताईने कानांवर हात ठेवले. "यांचं गाणं तुम्ही का म्हणता? कोणी शिकवलं तुम्हाला?" पुन्हा त्यांनी घरात तोंड उघडलं नाही.

मग डॉक्टर म्हणाले की हळूहळू आवाजाची ओळखही जाईल. भावोजींनी ते ऐकून घेतलं, आणि त्या दुपारी माझ्याकडे आले. मी मशीनवर होते. म्हणाले, "थांबव जरा. मला एक सुचलंय."

"काय?"

"ती आवाज ओळखते. पण तिच्या लेखी तो आवाज नदीतून येतो. समज, एका संध्याकाळी नदीतून आलाच नाही. त्याच वेळेला, तिच्या मागून, खोलीतून आला. तर ती वळून बघेल. मला बघेल."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर नळ आहेच." मग हसणं थांबवून म्हणाले, "मला फार नको गं. एकदाच. मी घरी असताना तिने मला 'कधी आलात' म्हणावं. आवाज गेल्यावर मग काहीच उरणार नाही माझं तिच्याकडे."

मी मशीनवरचं कापड सरळ करत बसले.

ऐन गर्दीचे दिवस होते आणि असल्या कारणाला रजा कोण देतो. शिवाय घरातलं दुखणं चारचौघांत मांडायचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी ताप आलाय म्हणून कळवलं. जादूगार वेळ मारून नेणार होता. मी विचारलं, वळणावर कोणी गायलं तर? ते म्हणाले, "पिनांचं गाणं दुसऱ्या कोणाला येतंय?"

त्या संध्याकाळी त्यांनी दाढी केली, काळा कोट चढवला. बटण मी दुपारीच पक्कं केलं होतं. ताई आवरून खिडकीशी गेली. भावोजी तिच्या मागे कपाटापाशी उभे राहिले, आणि तो धिप्पाड माणूस शाळेतल्या पोरासारखा हाताला सुटलेला घाम कोटाला पुसत होता. पुलाखालून दिवे दिसले. बोट वळणाकडे यायला लागली आणि त्यांनी सुरुवात केली.

हळू म्हणत होते. भोंगा हळू गाऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

ताईने आधी नदीकडे बघितलं. मान वाकडी करून ऐकलं. मग वळली. माझ्या हातातली सुई बोटात घुसलेली मला नंतर दिसली. ती त्यांच्याकडे बघत राहिली, एकेक पाऊल पुढे आली, आणि हात वर करून त्यांच्या गालावर ठेवला.

"अहो," म्हणाली, "कधी आलात? हाक नाही मारलीत."

भावोजींच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पण त्यांनी गाणं सोडलं नाही. थांबलो तर ही निघून जाईल अशी भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. ताई त्यांच्या कोटाचं बटण चाचपत होती. "किती सुटलंय पोट," म्हणाली, अगदी तिच्या जुन्या आवाजात.

आणि नदीवरून भोंगा गायला लागला.

तोच आवाज, तेच गाणं, पण मोकळं, खणखणीत, कर्ण्यातून सगळ्या काठावर पसरलेलं. मध्येच पाहुण्यांचं हसू ऐकू आलं, टाळ्या ऐकू आल्या. मी उठून खिडकीशी गेले. बोट जवळजवळ थांबली होती. डाव्या कठड्याशी वेटर, जादूगार, ते नाचणारं जोडपं, सगळे रांगेने उभे राहून पांढरे नॅपकिन हलवत होते.

ताईने खिडकीकडे बघितलं. मग समोरच्या तोंडाकडे. पुन्हा खिडकीकडे. तिचा हात त्यांच्या छातीवरून खाली आला.

"कोण तुम्ही?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टॉवेल घेऊन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "बघ गं, हे आले. आज किती जवळून गेले."

भावोजी गायचे थांबले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. मला खिडकीतून ओरडावंसं वाटत होतं, बंद करा म्हणून. कोण ऐकणार होतं.

बोट पुढे निघून गेली आणि फोन वाजला. बोटीवरचा साउंडवाला होता, आणि भावोजींच्या फोनवर कोणीही बोललं तरी खोलीभर ऐकू येतं. "भोंगा, ताप कसा आहे? काळजी करू नका, वहिनींचं गाणं आम्ही चुकवलं नाही. मागे एकदा रेकॉर्ड करून ठेवलं होतं मी. सारंग म्हणाले, तो आजारी आहे म्हणून त्या माउलीने वाट बघत राहायचं का. वहिनींनी टॉवेल हलवला, सगळ्यांनी बघितलं आम्ही."

मी फोन घ्यायला हात पुढे केला. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते मला ठाऊक. भावोजींनी माझा हात धरून ठेवला.

"मीही बघितलं," ते फोनवर म्हणाले. "फार बरं केलंत. सारंगांना सांग."

फोन ठेवून ते खुर्चीत बसले. आधी नुसते बसले, मग त्यांचे खांदे हलायला लागले. ताईसमोर मी त्यांना दादा म्हणावं की भावोजी म्हणावं, पाणी द्यावं की तसंच रडू द्यावं, मला काही सुचेना.

ताई टॉवेलची घडी घालत खिडकीपासून आली. तिचा चेहरा अजून फुललेलाच होता. खुर्चीतल्या माणसाकडे बघून ती थबकली.

"हे दादा का रडतायत गं?" मला विचारलं. मग तीच त्यांच्यासमोर गेली, थोडी वाकली, आणि परक्या माणसाची समजूत घालावी तशी म्हणाली, "मघाशी तुम्हीच गात होता ना? आवाज बरा आहे तुमचा. रडू नका. हे घरी आले की मी सांगते त्यांना, तुम्हालाही बोटीवर घ्यायला. माझा शब्द मोडत नाहीत ते."

भावोजींनी मान वर केली.

"फक्त ते गाणं म्हणू नका," ताई म्हणाली. "ते यांनी माझ्यासाठी केलंय."

"नाही म्हणणार," भावोजी म्हणाले.