मुंग्या गेल्या तेव्हा

माझी मावशी लोकांना शॉक देऊन पगार घेते. दवाखान्यात नसा तपासायचं तिचं काम. घरात तिला आम्ही 'करंटवाली' म्हणतो. पेशंटच्या मनगटावर ती हलका झटका देते, अंगठ्यापाशी चिकटवलेली तार तो टिपते आणि पडद्यावर रेघ उसळते. रेघेला उशीर झाला, की नस कुठेतरी दबलीय. घाबरलेल्यांना ती सांगते, की वीज तुमच्या नसेत असतेच, मी फक्त तिला जागं करते. नसेच्या टोकाशी मात्र ती वीज थांबते. तिथल्या बारीक फटीत रसायन सुटतं, ते स्नायूला भिडतं, तेव्हा कुठे बोट हलतं. सुईत दोरा ओवायला एवढा खटाटोप, असं म्हणून मावशी स्वतःच हसते.

तिची थोरली बहीण, म्हणजे माझी आई, शिवणकाम करते. तिच्या उजव्या हाताला वर्षभर मुंग्या येत होत्या. तपासून घे म्हणून मावशी कानीकपाळी ओरडली, पण आईने दाद दिली नाही. एका दुपारी आईच खुशीत म्हणाली, "मुंग्या गेल्या बघ. उगाच जिवाला घोर लावलास."

मला हायसं वाटलं. मावशीचा चेहरा मात्र उतरला. तिने आईला डोळे मिटायला लावले, तर्जनी हातात धरली आणि शिलाई मशीनवरची टाचणी उचलली.

"टोच की आता," आई म्हणाली.

टाचणी टोचून झाली होती.

मुंग्या म्हणजे दबलेल्या नसेची ओरड, ती थांबली म्हणजे नसच मुकी होत चाललीय, हे मावशीने मला जिन्यात सांगितलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर आईची रेघ जेमतेम हलली. मला आईचा भयंकर राग आला, आणि तितकीच भीतीही वाटली. शिवण सुटली तर ती बाई करणार काय? मनगटातली नस मोकळी करायचं ऑपरेशन झालं, पण मुकी झालेली नस परत बोलू लागेल, असा शब्द डॉक्टरांनी दिला नाही. पुढे कित्येक महिने सुई आईच्या हातून पडायची, आणि आम्ही न बघितल्यासारखं करायचो.

मग एका सकाळी मावशी आली, तर आई फुरंगटून बसलेली.

"पाण्यात गेलं तुझं ऑपरेशन. बोटांत परत मुंग्या आल्या."

मावशी तिच्या शेजारी बसली. आईचा हात तिने गालाशी धरला आणि रडायलाच लागली.

"येऊ देत गं ताई," ती म्हणाली, "येऊ देत."