द्राक्षांची शेकोटी

अनू, ईशान, चित्रांच्या पुस्तकांचा दुसरा खोका पाठवण्याआधी हे वाचा. तुमच्या तिकडची, बर्फाच्या चित्रांची पहिली पुस्तकं मी इथल्या शाळेला दिली. बाईंनी मुलांकडून त्यांवरून थंडीच्या कविता लिहून घेतल्या. काल पाहिल्या. सगळीकडे बर्फाचा माणूस, आणि बर्फ एकानेही पाहिलेला नाही! एकट्या सविताने वेगळं लिहिलं होतं, "पहाटे बाबा द्राक्षांना ऊब द्यायला बागेत शेकोटी पेटवतात, आम्ही घरात कुडकुडतो." त्यावर लाल फुली.

"आजी, पुस्तकात शेकोटी कुठंय?" बाई म्हणाल्या.

"आणि गावात बर्फ कुठंय, बाई?"

त्या नुसत्या हसल्या. थंडीसुद्धा उसनी आणायची! संताप त्यांचा आला, त्याहून जास्त माझा स्वतःचा. पुस्तकं मीच नेली होती.

फुलीखालची ओळ अजून स्पष्ट वाचता येते.